डिझर्व्हचं पान

सगळा घोळ माझ्याच तोंडानं झाला, हे आधी सांगून टाकते. नॉटिंगहॅममधल्या ज्या केंद्रात मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते, तिथल्या टर्मअखेरच्या मीटिंगमध्ये आमच्या मॅनेजरनं माझी पानं हातात धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "हे फारच छान आहे. कोणी केलं?"

टेबलाभोवती आम्ही सहाजण होतो. बाकीचे सगळे माझ्याकडे बघत होते, कारण कोणी केलं ते प्रत्येकाला माहीत होतं. आणि मी काय म्हणाले? "छे, त्यात काय एवढं! सगळ्यांनी मिळून केलं."

शब्द इंग्रजी होते, पण बोलणं मराठी होतं. आमच्या घरी कोणी म्हणालं की भाजी काय सुंदर झालीय, तर करणारी म्हणते, "कुठलं काय, आज मीठच कमी पडलंय." मग समोरच्यानं म्हणायचं, "नाही हो, अगदी बेताचं आहे." मग करणारीनं म्हणायचं, "घ्या मग अजून." हा दोघांनी खेळायचा खेळ आहे. मी माझा डाव टाकला आणि समोरच्या डावाची वाट बघत बसले. मॅनेजर म्हणाली, "ग्रेट टीमवर्क!" आणि तिनं ते वहीत लिहून घेतलं.

दोन आठवड्यांनी मेल आली, सोबत एक फाइल. चिनी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र एक पुस्तिका छापणार होतं. माझी पानं, माझा क्रम, माझी उदाहरणं. सुरुवातीला मॅनेजरचं मनोगत, खाली तिचं नाव आणि हुद्दा. मनोगतात एक ओळ होती: आमच्या टीमनं आवडीनं तयार केलेली पानं. शेवटी मला विनंती होती की एकोणीस पानं झालीच आहेत, तर अजून एक लवकर दे, म्हणजे आकडा नीट वीस होईल.

माझं नाव कुठेच नव्हतं. मी मेल तीनदा वाचली. मनोगतात नाही, मागच्या पानावर नाही, बारीक अक्षरातही नाही.

आता ही पानं म्हणजे काय, ते सांगायला हवं.

माझे वडील आमच्या गावच्या शाळेत शिपाई होते. घंटा देणं, पाणी भरणं, पेपर मोजून गठ्ठे बांधणं, पिना मारणं हे त्यांचं काम. वर्ष संपलं की शाळेतली जुनी हजेरीपुस्तकं रद्दीत जायची, त्यातली कोऱ्या पानांची ते विचारून घरी आणायचे. मी पाचवीत असल्यापासून त्या हजेरीपुस्तकात इंग्रजी शब्द लिहायचे. एका पानाला एकच शब्द. आमच्याकडे शब्दकोश नव्हता आणि घरात इंग्रजी येणारं कोणी नव्हतं, म्हणून मी माझी युक्ती काढली होती. शब्द कुठे दिसला, कोण म्हणालं, कुणाला म्हणालं आणि त्यानंतर काय झालं, एवढं लिहायचं. औषधाच्या खोक्यावर दिसलेला शब्द, पोस्टमास्तर तार वाचताना म्हणाले तो शब्द, बँकेच्या फलकावरचा शब्द. अर्थ हळूहळू आपोआप गोळा व्हायचा. मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं तेव्हा मुख्याध्यापक वडिलांना व्हरांड्यात, सगळ्यांसमोर म्हणाले होते, "अरे, आपली लायकी बघून मुलींना शिकवावं." वडील हातातला पाण्याचा जग तसाच धरून उभे राहिले. घरी आल्यावर त्यांनी मला अजून एक हजेरीपुस्तक दिलं.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुठेही, कुणालाही, न विचारता सांगते. लोकांना ते जरा जास्त वाटतं. वाटू दे.

लग्नानंतर नवऱ्याच्या सॉफ्टवेअरमधल्या नोकरीपायी इथे आले. पहिली दोन वर्षं एका गोदामात खोकी भरली, मग मोठ्यांना इंग्रजी शिकवायचा कोर्स केला आणि मंगळवार-गुरुवार दुपारचा वर्ग मिळाला. बारा विद्यार्थी, सगळे चिनी बोलणारे. अर्धे हाँगकाँगचे, अर्धे चीनमधले. बोलतात वेगळं, लिहितात जरा वेगळं, आणि कुठलं खरं यावरून भांडतात अगदी पुणे-नागपूरसारखं. मला चिनी येत नाही. पण माझी हजेरीपुस्तकाची युक्ती येत होती. मी फळ्यावर इंग्रजी शब्द लिहायचे, खाली चार प्रश्न: कोण म्हणतं, कुणाला म्हणतं, कशावरून म्हणतं, मग काय होतं. चिनी शब्द त्यांनी भरायचा. त्यावर अर्धा तास वाद व्हायचा, आणि वाद संपेपर्यंत सगळ्यांना शब्द येऊ लागलेला असायचा. घरी जाऊन मी ते पान नीट मांडायचे. चिनी अक्षरं वर्गातला एक आचारी लिहून द्यायचा. पन्नाशीचा माणूस, टेकअवेच्या किचनमध्ये सकाळपासून उभा राहून पाय सुजलेले, पण अक्षर असं की बघत राहावं. मी मनातल्या मनात त्याला काका म्हणायचे. तो मला लाओशी म्हणायचा, म्हणजे त्यांच्याकडे गुरुजी किंवा बाई, जे असेल ते.

अशी एकोणीस पानं दीड वर्षात झाली होती. मी तासावर काम करते, मला वर्गाचे तास मिळतात. ही पानं माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, रविवारी, भाजी फोडणीला टाकून झालेली आहेत.

आणि पुस्तिका निघणार हे मीटिंगमध्येच कानावर आलं होतं, ते मी वडिलांना आधीच सांगून बसले होते. ही माझी दुसरी चूक. त्यांनी गल्लीभर सांगितलं.

"पुस्तक म्हणतात का त्याला?" ते फोनवर.

"पुस्तिका, बाबा. छोटी."

"असू दे छोटी. नाव वर छापतात का खाली?"

"बघू, अजून ठरायचंय."

"वर सांग. खाली लोक बघत नाहीत."

मेल आली त्या रात्री जेवताना नवरा म्हणाला, "अगं, सोडून दे ना. एवढ्याशा गोष्टीवरून कशाला पंगा? पुढच्या टर्मचा वर्ग पण तिच्याच हातात आहे."

"तुझा कोड दुसऱ्याच्या नावानं गेला तर?"

"रोज जातो," तो म्हणाला आणि आमटी वाढून घेतली. तो विनोद करत होता की खरं सांगत होता, ते मी विचारलं नाही.

विसाव्या पानाचा शब्द मी निवडला नाही, तो चालत आला. त्याच आठवड्यात, मंगळवारी, वर्गातली हाँगकाँगची बाई रागानं लाल होऊन आली. ही तिथे बँकेत मोठ्या हुद्द्यावर होती, इथे सुपरमार्केटमध्ये फळ्यांवर माल लावते. नेहमी वेळेआधी येणारी, पेन्सिलींना टोक काढून ठेवणारी. तिला नुकतीच सुपरवायझर म्हणून बढती मिळाली होती. तिनं ती शेजारच्या म्हाताऱ्या इंग्रज बाईला कुंपणावरून सांगितली. बाई म्हणाली, "ओ लव्हली! यू डिझर्व्ह इट!"

हिनं घरात जाऊन फोनवर शब्द बघितला. फोननं सगळ्यात वर जो चिनी शब्द दाखवला तो होता, हुओकाय. पळू नको सांगितलं असताना पोर पळतं आणि पडतं, तेव्हा आई जे म्हणते ते. आपल्याकडे म्हणतात ना, असंच पाहिजे, बरी खोड मोडली. तर ही आठवडाभर शेजारणीशी बोलली नव्हती. तिच्या दारातले कचऱ्याचे बिन आत ओढून द्यायची, तेही बंद केलं होतं.

"टीचर, माझं काय चुकलं तिच्याशी?" तिनं विचारलं. आवाज रडवेला होता, पण मान ताठ.

काका मागून हसत म्हणाला, "माझ्या किचनमध्ये हा शब्द रोज. तेल उडालं, बोट भाजलं, सगळे ओरडतात हुओकाय!"

"हसू नका," ती फटकन म्हणाली. चिनीत अजून काहीतरी म्हणाली, ते कोणी मला सांगितलं नाही.

मी फळ्यावर डिझर्व्ह लिहिलं. खाली चार प्रश्न. शेजारीण म्हणते, बढती मिळालेल्या बाईला, तिचे कष्ट बघून, आणि मग खरं म्हणजे दोघींनी हसायचं असतं. त्यासाठी वर्गानं वेगळा चिनी शब्द काढला. त्याचा अर्थ, जे मिळायलाच हवं होतं ते. हाँगकाँगच्या बाईनं तो वहीत उतरवला. मग तिनं विचारलं, "आता बिनचं काय करू?"

"आज आत ओढून दे. काही समजावू नकोस."

मग रांगेनं बाकीचे उपयोग आले. चूक केलेल्याला म्हणतात तेव्हा हुओकाय बरोबर, त्यात वाद नाही. मग एकीनं सांगितलं की त्यांच्या शाळेच्या पुस्तकात या शब्दासमोर जो चिनी शब्द होता, त्याचा अर्थ किंमत वसूल होणं. म्हणून ती पहिल्या वर्षी सगळ्यांना सांगायची की ही नूडल खायला डिझर्व्ह करते, आणि लोक मान हलवून पुढे जायचे. मी सांगितलं, नूडलनं काही केलेलं नाही, तिला काही मिळायचं नाही. हा शब्द ज्याच्या अंगाला लागतो त्यानं आधी काहीतरी केलेलं असतं, किंवा सोसलेलं असतं. मग कोणीतरी बसमधली चॉकलेटची जाहिरात सांगितली, तुम्ही हे डिझर्व्ह करता म्हणणारी. काका म्हणाला, "चॉकलेटवाल्याला काय माहीत मी काय केलं? त्यानं मला कधी बघितलं?"

आणि मग त्यानंच, हसू पुसून, आणखी एक शब्द सांगितला. पेइ. जोडीला शोभणं, बरोबरीचं असणं. आणि त्याच्या आधी नकार लावला की, नी बू पेइ. तू त्या लायकीचा नाहीस. "हा शब्द थोबाडीत मारल्यासारखा," तो म्हणाला. "मोठा माणूस लहान माणसाला म्हणतो."

मला व्हरांडा आठवला. पाण्याचा जग आठवला. मी वर्गाला म्हटलं, आमच्या भाषेतही तसाच शब्द आहे. आणि आमच्याकडेही तो वरचा माणूस खालच्याला ऐकवतो. कोणाला काय मिळावं हे दुसऱ्या कोणीतरी ठरवायचं आणि आपण मान खाली घालून ऐकायचं. पण इंग्रजीत या शब्दाची एक सोय आहे. इथे माणूस स्वतःबद्दल उभ्यानं म्हणू शकतो, आय डिझर्व्ह ॲन ॲन्सर. मला उत्तर मिळायला हवं. आणि कोणी त्याला निर्लज्ज म्हणत नाही. दुकानात म्हणतात, डॉक्टरकडे म्हणतात, बस चुकली तरी म्हणतात. तर आता प्रत्येकानं 'आय डिझर्व्ह' असं सुरू होणारं एक वाक्य लिहा.

दहा मिनिटं दिली. वाक्यं आली. माझा मुलगा चांगली शाळा डिझर्व्ह करतो. माझी बायको सुट्टी डिझर्व्ह करते. टीचर विश्रांती डिझर्व्ह करतात. बाराजणांनी लिहिलं आणि 'आय'नं सुरू झालेलं एकच होतं, काकाचं: मी आज उशिरा आलो म्हणून मी ओरडा डिझर्व्ह करतो.

"अरे, असं नाही," मी म्हटलं. "चांगलं काहीतरी. स्वतःसाठी."

कोणी पेन उचलेना. हाँगकाँगची बाई माझ्याकडे बघत होती. "टीचर, आता तुम्ही लिहा."

मी मार्कर उचलला. 'आय डिझर्व्ह' लिहिलं आणि थांबले. दीड वर्ष त्यांना वाक्यं देतेय, एकोणीस पानं भरलीत, आणि हात पुढे जाईना.

"शाई संपली?" काका.

सगळे हसले. मीही हसले, आणि त्या हसण्यात लिहून टाकलं: आय डिझर्व्ह माय नेम ऑन माय वर्क. माझ्या कामावर माझं नाव असायला हवं.

कुठलं काम, ते विचारणारच. मी सांगितलं. मीटिंग, टीमवर्क, मेल, सगळं. वर्गात असं सांगावं की नाही, याचा मी विचार केला नाही, आणि आजही मला त्याचं वाईट वाटत नाही. ती पानं त्यांचीही होती.

हाँगकाँगच्या बाईचा बँकवाला चेहरा बाहेर आला. "आमच्या बँकेत ज्यानं केलं त्याची सही, ज्यानं तपासलं त्याची सही. दोन सह्या नाहीत तर कागद पुढे जात नाही. पण टीचर, तुम्ही मीटिंगमध्ये खोटं का सांगितलं?"

"खोटं नाही गं. आमच्याकडे तसं म्हणतात."

काका मान हलवत होता. "आमच्याकडे पण. नाली नाली." नाली म्हणजे त्यांच्याकडे कुठे. कोणी कौतुक केलं की म्हणायचं, कुठे, कुठे. आमच्या गावात नाली म्हणजे गटार, ते मी सांगितल्यावर वर्ग पाच मिनिटं हातात राहिला नाही. पण मला मनातून धक्का बसला होता. कुठलं काय आणि नाली नाली. एवढ्या लांबच्या भाषेत तोच शब्द, तोच खेळ, आणि या देशात दोघांचाही तोच पराभव.

हसणं ओसरल्यावर काकानं त्याची गोष्ट सांगितली. त्याच्या टेकअवेत वांग्याचा एक पदार्थ आहे, लोक शहराच्या त्या टोकावरून घ्यायला येतात. तो काकानं बसवला. मालकानं चाखून विचारलं होतं, "कसा काय जमला?" काका म्हणाला होता नाली नाली, तुमच्याच किचनची कृपा. मेन्यूवर आता तो मालकाच्या आईची खास पाककृती म्हणून आहे. "आई कधी किचनमध्ये आली नाही," काका म्हणाला. "तिला वांगं आवडत नाही."

गुरुवारी वर्गाच्या आधी मी मॅनेजरच्या खोलीत गेले. विसावं पान माझ्या फोल्डरमध्ये होतं, काकाच्या अक्षरातलं. मेल लिहायचा प्रयत्न मी केला होता. प्रत्येक मेल 'जस्ट वंडरिंग'नं सुरू व्हायची आणि मी ती पुसायचे.

"मीटिंगमध्ये मी म्हणाले सगळ्यांनी मिळून केलं," मी म्हटलं. "ते बरोबर नव्हतं. पानं मी केलीत. चिनी शब्द माझ्या विद्यार्थ्यांनी शोधले आणि त्यातल्या एकानं लिहून काढले. पुस्तिकेवर आमची नावं हवीत."

तिला खरंच आश्चर्य वाटलं. ती वाईट बाई नाही, हेही सांगायला हवं. माझा पहिला वर्ग तिनंच मला दिला. "पण मी तुला सरळ विचारलं होतं," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर."

"हो. आणि मी वाकडं उत्तर दिलं. आता सरळ देतेय."

"कौन्सिलला मी टीम प्रोजेक्ट म्हणून कळवलंय. आणि खरं सांगू, आम्ही एकेकट्याचं नाव टाकत नाही. तशी पद्धत नाही."

"मनोगताखाली तुझं नाव आहे."

"ते पदाचं आहे."

"मग पद ठेव, नाव काढ. मग कोणाचंच नको. तेही मला चालेल."

तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "फाइल उद्या छापायला जातेय. पुढच्या आवृत्तीत बघू या का?"

"पुढच्या आवृत्तीत विसावं पानही बघू या मग."

"म्हणजे?"

"म्हणजे आज मी ते देत नाहीये."

मी फोल्डर मिटून काखेत घेतलं. ती म्हणाली, "ठीक आहे. एकोणीस तर एकोणीस." आणि कॉम्प्युटरकडे वळली.

झालं. एवढं धाडस करून हातात काय आलं तर काहीच नाही. दहा दिवसांनी खोके आले. चार खोके, वर्गाच्या कोपऱ्यात ठेवलेले, कारण दुसरीकडे जागा नव्हती. गुळगुळीत कव्हर, मनोगत, टीम, एकोणीस पानं. शेवटी एक कोरं पान होतं, वर छापलं होतं, तुमच्या नोंदींसाठी.

ते कोरं पान मी बघत राहिले. आमच्या घरात कोरी पानं कधी वाया गेली नाहीत.

मी ग्रंथालयाच्या झेरॉक्सवर माझं विसावं पान पुस्तिकेच्या मापानं, प्रत्येक पुस्तिकेला एक, असं छापून आणलं. वर डिझर्व्ह. खाली चार प्रश्न, शेजारीण, चॉकलेट, हुओकाय, पेइ, काकाच्या अक्षरात. सर्वात खाली, जिथे मी वाक्य लिहायला जागा सोडते तिथे, छापलेलं वाक्य: हे पान आणि आधीची एकोणीस पानं यांनी केली. मग माझं नाव, इंग्रजीत आणि देवनागरीत. मग काकाचं, त्याच्या अक्षरात. मग वर्गातल्या बाकीच्यांची. बँकवाल्या बाईनं आग्रहानं शब्द घालायला लावले, केलं आणि तपासलं.

मंगळवारी वर्ग भरला तेव्हा मी टेबलावर तीन स्टेपलर ठेवले. "आजचा धडा हाताचा आहे," मी म्हटलं. "पण बोलायचं इंग्रजीत."

"टीचर, परमिशन आहे?" हाँगकाँगच्या बाईनं विचारलं.

"नाही. नको असेल त्यानं पिना मारू नयेत. खरंच. मी कोणाला काही म्हणणार नाही."

ती उठली. मला वाटलं ती निघून चालली. तिनं खोक्याची चिकटपट्टी नखानं काढली आणि पुस्तिकांचे दहा-दहाचे ढीग लावायला लागली. "अशा लावल्या तर लवकर होईल," ती म्हणाली.

मग दोन तास खटाखट. स्टेपलर एकदा अडकला, काकानं सुरीसारखी पट्टी घालून सोडवला. ढीग सरकवताना इंग्रजीत भांडणं झाली, यू आर टू स्लो, यू आर टू क्रूकेड. शेजारणीच्या बिनचं कोणीतरी विचारलं. "काल तिनं केक दिला," बाई म्हणाली. "मी म्हटलं, थँक यू, आय डिझर्व्ह इट. ती खूप हसली." काकानं स्वतःच्या नावावर बोट फिरवलं, पानापानावर, जणू शाई सुकलीय का बघत होता.

पुस्तिकेचा छोटा कार्यक्रम त्याच शुक्रवारी होता. चहा, बिस्किटं, कौन्सिलमधून आलेल्या दोन बायका, केंद्रातली माणसं. माझा वर्ग मागच्या रांगेत, सगळे इस्त्रीच्या कपड्यात. मॅनेजर बोलली, टीमबद्दल बोलली, टाळ्या झाल्या. मग सगळ्यांनी पुस्तिका चाळायला घेतल्या. कौन्सिलच्या एका बाईनं शेवटचं पान उघडलं, वाचत राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "अरे, हे सगळ्यात मस्त आहे!"

मॅनेजरनं तिच्या हातातली पुस्तिका बघितली. मग स्वतःची उघडली. पिन बघितली. नावं वाचली. चष्मा कपाळावर गेला. खोलीच्या त्या टोकाहून सरळ माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "हे कोणी केलं?"

तेच शब्द. पण या वेळी कौतुक नव्हतं, हे लहान पोरालाही कळलं असतं. मागच्या रांगेत खुर्च्या करकरल्या. आणि मला, देवाशपथ सांगते, त्या क्षणी पुन्हा तोंडावर आलं होतं, सगळ्यांनी मिळून. या वेळी ते खरंही होतं. बारा माणसं, तीन स्टेपलर. पण त्या बाराजणांच्या आड मला उभं राहायचं नव्हतं.

"मी," मी म्हटलं. "पानंही मी केली आणि पिना मारायचं ठरवलंही मीच."

"अक्षर माझं," मागून आवाज आला. काका उभा होता. कौन्सिलच्या बाईनं वळून विचारलं, "हे तुम्ही लिहिलंत? किती सुंदर!" त्याच्या ओठांवर नाली आलेलं मला दिसलं. त्यानं ते गिळलं. "येस," तो म्हणाला. "व्हेरी गुड रायटिंग. आय नो."

मॅनेजर नंतर मला म्हणाली, "आपण यावर बोलायला हवं." मी म्हटलं, "हो, बोलू या." अजून बोलणं झालेलं नाही. पुढच्या टर्मचं वेळापत्रक लागायचंय आणि मंगळवार-गुरुवारची दुपार माझ्या नावावर असेल की नाही, मला माहीत नाही. असायला हवी. का, ते विसाव्या पानावर लिहिलंय.

एक प्रत मी वडिलांना पोस्टानं पाठवली. पोचली तेव्हा त्यांनी व्हिडिओ कॉल केला आणि पान कॅमेऱ्याला इतकं जवळ धरलं की मला फक्त कागद दिसत होता.

"हे एवढंच वाचता येतंय," ते म्हणाले. देवनागरीतलं माझं नाव. बोट तिथेच होतं. "खालीच छापलंय शेवटी."

"हो बाबा. खालीच."

"बाकीच्या पानांना शिलाई आहे. हे सुटं कसं?"

"ते नंतर लावलंय. आम्ही."

कागद मागे गेला, चेहरा दिसला. तीस वर्षं गठ्ठे बांधलेला माणूस पिनेकडे बारकाईनं बघत होता.

"एकच पिन मारलीय," ते म्हणाले. "एका पिनेवर पान फिरतं, मग फाटतं. वर एक, खाली एक, दोन मारायच्या असतात. एवढं शिकलीस आणि हे ठाऊक नाही?"

दीड खोका अजून वर्गाच्या कोपऱ्यात आहे. मंगळवारी लवकर जाऊन मी दुसऱ्या पिना मारायला घेतल्या.